तिसरा शंख

शंखाच्या जागी सर्व्हर बसवावा असं आउकुसोच्या मनात कधीच नव्हतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे गावात जो तो म्हणत फिरला, की पाणीखात्यातला हा घरजावई पहिल्यापासून टपून बसला होता. तो टपून बसला नव्हता. तो नुसता बसला होता. आणि नुसतं बसलं की त्याला काहीतरी सुचायचं, हा त्याचा जुनाच दोष होता.

वाइलेलेइ गावात रोज सूर्य बुडताना सा, म्हणजे प्रार्थनेची वेळ, असते. पहिला शंख झाला की घराकडे वळायचं. दुसरा झाला की बसायचं, गाणं म्हणायचं, प्रार्थना करायची. त्या वेळात रस्त्यावर माणूस, सायकल, गाडी काही म्हणता काही हलता कामा नये. हललेलं दिसलं तर रस्त्याच्या कडेला उभे असलेले पहारेकरी नाव लक्षात ठेवतात आणि गावसभा दंड म्हणून डुक्कर घेते. तिसरा शंख झाला की उठायचं. पहिल्या दोन शंखांवर गावाचं विशेष प्रेम नाही. तिसऱ्याची मात्र सगळे मनापासून वाट बघतात, कारण प्रत्येक जण चुलीवर काहीतरी ठेवून बसलेला असतो.

हे तिन्ही शंख एकेचाळीस वर्षं वाएलुआबाबांनी फुंकले. वाएलुआबाबा म्हणजे आउकुसोचे सासरे. पाण्याच्या काठावर एक काळा दगड आहे, त्यावर उभं राहायचं, समुद्राकडे तोंड करायचं आणि फुंकायचं. वादळ झालं तेव्हा फुंकला, सासूबाई गेल्या त्या संध्याकाळीही फुंकला. पण गेल्या वर्षी त्यांची छाती बसली. दुसरा शंख कसाबसा निघायचा आणि तिसऱ्याला नुसती हवा यायची. गाव मांडी घालून ताटकळायचं, आणि शेवटी कोणाच्या तरी घरात दूध उतू गेल्याचा आवाज आला की त्यालाच तिसरा शंख समजून उठायचं. अपियाच्या, म्हणजे राजधानीतल्या, डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि शंख बंद म्हणून सांगितलं.

गावसभेने बाबांना रीतसर निरोप दिला. मानाची, बारीक विणीची चटई अंगावर पांघरली. सभेचे प्रमुख वक्ते उलुआओ यांनी अर्धा तास भाषण केलं आणि त्यात विश्रांती हा शब्द सोळा वेळा आला. आउकुसोने मोजला, कारण घरजावयाला सभेत मोजण्याखेरीज दुसरं काम नसतं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ते बिनभिंतीच्या घराच्या समुद्राकडच्या खांबाला टेकून बसायचे आणि त्यांचे ओठ आपोआप शंखाला लावल्यासारखे व्हायचे.  ते बघून मोएलागी, म्हणजे आउकुसोची बायको, उगाचच भांडी घासायला घ्यायची.

प्रश्न होता पुढे कोण. शंखाचा मान घराण्याचा. बाबांचा मुलगा मिकाएले ऑकलंडला बस चालवतो. तिथून फुंकून उपयोग नाही. उरला जावई. आउकुसोने एका शनिवारी दगडावर उभं राहून प्रयत्न केला. आवाज निघाला, नाही असं नाही. तो ऐकून घरची तीन डुकरं धावत आली आणि त्यातलं एक त्याच्याकडे बराच वेळ ओळखीच्या नजरेने बघत राहिलं. पुढचे चार दिवस तो मागच्या वाटेने बसस्टॉपवर गेला.

शेजारच्या फालानिकाबाईंनी मात्र तोडगा तयारच ठेवला होता. तोडगा निळ्या रंगात रंगवून वाळतसुद्धा घातला होता.

"गॅसचा रिकामा सिलिंडर आहे," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "आमच्या नीरफणसाला टांगायचा आणि वर हातोडी घालायची. माझ्या बहिणीच्या गावात तेच आहे. मेलेला माणूससुद्धा उठून प्रार्थनेला बसेल. आमचे हे मारतील, त्यांना काय काम आहे दुसरं."

म्हणजे आवाज सिलिंडरचा आणि मान फालानिकाबाईंच्या घराचा. पुढच्या सभेत हा विषय निघाला. बाबा सभेतल्या आपल्या ठरलेल्या खांबाशी बसले होते, त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. आउकुसो स्वयंपाकघराच्या बाजूला, घरजावयाच्या जागेवर बसला होता. तिथून तो त्या हातांकडे बघत होता आणि त्याचं तोंड त्याच्या परवानगीशिवाय उघडलं.

"पाणी बंद राहणार असलं की मी खात्यातून नऊ हजार फोनवर सूचना पाठवतो," तो म्हणाला. "सा ची पण पाठवता येईल. आमच्याच घरातून जाईल. शंख बाबांचाच वाजेल."

शंख बाबांचाच वाजेल हे ऐकून सभा हलली. मिकाएले परदेशी निघाला त्या संध्याकाळी मोएलागीने फोनवर भावाचं बोलणं टिपलं होतं, त्यात मागे बाबांचा शंख आला होता, चांगला दमदार, छाती शाबूत होती तेव्हाचा. फक्त शंख संपता संपता त्यात त्यांचा कुत्रा भुंकला होता. कुत्रा दोन वर्षांपूर्वी वारला. पण शंख आणि भुंकणं इतकं एकात एक गुंतलं होतं की वेगळं काढता येईना, आणि खरं सांगायचं तर आउकुसोने फार प्रयत्नही केला नाही.

उलुआओंनी सभेच्या वतीने निकाल दिला. सोमवार ते रविवार सात संध्याकाळी परीक्षा. चूक झाली तर सभा एकच गोष्ट विचारणार: चूक माणसाची का यंत्राची? माणसाची असली तर माणसाला दंड, कारण माणसं चुकतातच, वाएलुआसुद्धा एकदा शिंकले होते. यंत्राची असली तर मान गेला आणि सिलिंडर आला. "यंत्राला दंड करता येत नाही," उलुआओ म्हणाले. "त्याच्याकडे डुकरं नसतात."

आता सूचना फोनवर पाठवायची म्हणजे काय, हे आउकुसोकडून ऐकावं. खात्यात सगळ्यांना ते कंटाळवाणं काम वाटायचं. त्याला वाटायचं नाही. त्याच्या मते ती सूचना आधी सर्व्हरमधून निघते, समुद्रावरून फार दूर, फोन बनवणाऱ्यांच्या एका मोठ्या घरी जाते. तिथे विचारतात, कोणाकडे निघालीस? ती टोकन दाखवते. प्रत्येक फोनचं एक टोकन असतं, लांबलचक, निरर्थक अक्षरांचं, कोणालाही पाठ न होणारं. पण त्या घरात सगळी टोकनं ओळखतात. मग ती परत सगळा समुद्र ओलांडून, जिथून निघाली त्याच गावात, शेजारच्याच घरातल्या उशीखालच्या फोनवर येऊन टेकते. एवढं सगळं एका श्वासात. पाण्याची सूचना पाठवली की आउकुसो खिडकीबाहेर बघायचा आणि त्याला खरोखर वाटायचं, की आत्ता काहीतरी वरून गेलं. साहेबांनी दोनदा विचारलं होतं की तो काय बघतो. त्याने पाऊस येतो का बघतोय म्हणून सांगितलं होतं.

प्रत्यक्षात त्या मोठ्या घराने आधी अर्ज भरून मागितला आणि अर्जात घराचा क्रमांक मागितला. वाइलेलेइत घरांना क्रमांक नाहीत. आउकुसोने लिहिलं, देवळाच्या पुढे, मोठ्या नीरफणसासमोर. अर्ज परत आला. त्याने लिहिलं, फालानिकाबाईंच्या शेजारी, ज्यांना सगळे ओळखतात. परत आला. शेवटी त्याने घराचे खांब मोजले आणि क्रमांक एकवीस लिहिला. तो लगेच मंजूर झाला. सर्व्हर म्हणजे खात्याने मोडीत काढलेला एक संगणक. तो मागच्या सिमेंटच्या खोलीत तांदळाच्या पिंपावर बसला. मोएलागीने त्यावर विणलेला रुमाल घातला, वर कागदी फुलं ठेवली आणि नवऱ्याला बजावलं की आता हे हलवायचं नाही.

मग मजकुराचा प्रश्न आला. शंखाचं बरं असतं, तो सगळ्यांना एकच बोलतो. लिहायची वेळ आली की माणूस कोण हे बघावं लागतं. घराण्याची पदवी मिळालेल्या प्रमुखांना बसायला सांगायचे शब्द वेगळे, सभेतर्फे बोलणाऱ्या वक्त्यांना वेगळे, बिनपदवीच्यांना आणखी वेगळे. सभेची त्यावर तीन बैठका चर्चा झाली. शेवटी ठरलं: प्रमुखांना, आपण स्थानापन्न व्हावं, वक्त्यांना, बसून घ्यावं, बाकीच्यांना, बस रे, हलू नकोस. आउकुसोने चारशे बारा टोकनांच्या तीन याद्या केल्या. त्यात गावची माणसं होती, शिवाय परदेशातली गावची माणसंही होती, कारण बातमी फुटताच मिकाएलेने ऑकलंडमधल्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर ॲप टाकून दिलं होतं.

एक गोष्ट त्याने सभेला सांगितली नाही. सूचना घड्याळाप्रमाणे आपोआप जाऊ शकल्या असत्या. पण त्याने बाबांच्या फोनवर एक बटण करून दिलं, गोल, निळं, अंगठ्याएवढं. बटण दाबलं की सर्व्हरला कळायचं आणि शंख सुटायचा. "कधी सोडायचा ते तुमचं तुम्ही ठरवा," तो म्हणाला. बाबांनी फोन उलटासुलटा करून पाहिला, बटणावर फुंकर मारली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले. सभेला हे कळलं असतं तर सोळा वेळा विश्रांती म्हणणाऱ्या उलुआओंचा अपमान झाला असता. म्हणून घरातल्या घरात राहिलं.

सोमवारी संध्याकाळी चारशे बारा फोनांतून एकदम शंख वाजला आणि मागोमाग मेलेला कुत्रा भुंकला. गावातल्या जिवंत कुत्र्यांनी त्याला उत्तर दिलं. मोएलागीच्या डोळ्यांत पाणी आलं. आउकुसोच्याही आलं असतं, पण तेवढ्यात पलीकडच्या घरातून कोणीतरी जोरात खाकरलं. याद्यांची अदलाबदल झाली होती. उलुआओंच्या फोनवर आलं होतं, बस रे, हलू नकोस. सवयीने ते आधी बसले आणि मग संतापले. आणि सा चालू असल्यामुळे संतापून उठताही येईना. पहारेकऱ्यांपैकी एकाला, जो रस्त्यावर लुंगी सावरत उभा होता, आपण स्थानापन्न व्हावं असं आलं आणि तो गोंधळून खरंच रस्त्यात बसला.

सभेत विचारलं, माणसाची का यंत्राची? आउकुसो म्हणाला, माणसाची. यादीला नाव मी चुकीचं दिलं. दंड म्हणून एक पेटी डब्यातले मासे गेले. उलुआओ आठवडाभर त्याच्याशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलले.

मंगळवारची संध्याकाळ निर्विघ्न गेली. आउकुसो बुधवारी सकाळी ऐटीत कामावर निघाला. वाटेत बाजारात अळूच्या कंदांच्या ढिगाशेजारी फालानिकाबाई मांडी घालून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणताना दिसल्या. भोवती चार गिऱ्हाइकं टोप्या काढून उभी. झालं होतं असं, की मंगळवारी बाई डोंगरावरच्या मळ्यात मुक्कामाला होत्या, तिथे फोन लागत नाही. त्या मोठ्या घराने त्यांची सूचना इमानदारीने जपून ठेवली आणि बाई बाजारात पोचताच हाती दिली. सूचना पोचली नाही तर किती वेळ थांबायचं, ते पाठवणाऱ्याने सांगावं लागतं. आउकुसोने सांगितलं नव्हतं. न सांगितलेली गोष्ट ते कितीतरी दिवस सांभाळतात, त्यांची श्रद्धा गावापेक्षा जास्त. बाईंना पहिला आणि दुसरा मिळाला. तिसरा वाटेत कुठेतरी राहिला, म्हणून बाई उठेनात. आउकुसोने तिथेच तोंडाने शंख वाजवून दाखवला, मागचं भुंकणंही करून दाखवलं, तेव्हा कुठे त्या उठल्या.

"माझी बहीण म्हणत होती ते खोटं नाही," बाई धूळ झटकत म्हणाल्या. "सिलिंडर काय मागाहून वाजत नाही."

माणसाची का यंत्राची? माणसाची. दुसरी पेटी गेली. त्या दिवसापासून शंखाला पाच मिनिटांचं आयुष्य दिलं. तेवढ्यात पोचला तर पोचला, नाहीतर समुद्रातच विरून जायचा. हे करताना आउकुसोला उगीच वाईट वाटलं.

शुक्रवारी मिकाएलेचा फोन आला. ऑकलंडला आपल्याहून एक तास मागे. ऐन गर्दीच्या वेळी त्याच्या बसमध्ये शंख वाजला. त्याने थांबा आल्यावर बस बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि गाणं धरलं. बसमध्ये गावची सहा माणसं होती, त्यांनी सूर लावला. बाकीच्यांना वाटलं काहीतरी योजना असेल, म्हणून तेही गप्प बसले; एका म्हातारीने तर बिस्किटं काढून वाटली. कंपनीने मिकाएलेला समज दिली आणि त्या वेळची पाळी बदलून दिली. "पण दाजी," तो म्हणाला, "काय सांगू. इतक्या वर्षांनी बाबांचा शंख ऐकला. आणि आपला कुत्रा."  

शनिवारी काहीही बिघडलं नाही. रविवार उजाडला तेव्हा आउकुसो सहा संध्याकाळींचा दमलेला आणि फुगलेला असा दोन्ही होता. आता एकच संध्याकाळ. याद्या तपासल्या, टोकनं तपासली, पिंपावरचा रुमाल सरळ केला. सकाळी देऊळ झालं, दुपारी भट्टीतलं जेवण झालं, नारळाच्या रसातल्या अळूच्या पानांनी सगळ्या गावाचे डोळे जड झाले. समुद्र इतका शांत होता की खडकांच्या रांगेवरची लाट नुसती दिसत होती, ऐकू येत नव्हती. आउकुसो चटईवर पडून मनात उद्याचं बोलणं जुळवत होता. उलुआओ विचारणार, चूक? तो म्हणणार, नाही. एवढंच. एका शब्दाचं भाषण, पण घरजावयाच्या जागेवरून असं भाषण आजवर कोणी केलं नव्हतं.

पहिला शंख झाला. लोक घरी वळले. दुसरा झाला. गाव बसलं. एकवीस खांबांच्या घरात कंदील लागला. बाबा आज समुद्राकडच्या खांबाशी नव्हते, आत, नातवंडांच्या मध्ये येऊन बसले होते, हाताखाली फोन. मोएलागीने गाणं सुरू केलं. मग दुसऱ्या घरातून, तिसऱ्या घरातून तेच गाणं मागेपुढे होत आलं आणि रस्त्यावर एकमेकांत मिसळलं. प्रार्थना झाली. आमेन झालं. तिसरा शंख झाला नाही.

सगळ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग उलुआओंच्या घरातून, नाइलाजाने, दुसरं गाणं सुरू झालं. बाकीच्या घरांनी ते उचललं. तेही संपलं. शंख नाही. कुठून तरी करपल्याचा वास आला.  सर्व्हर दहा पावलांवर होता, रुमालाखाली, आणि उठून जाता येत नव्हतं. भिंती नसलेल्या घरात बसलेला माणूस रस्त्यावरून पुरता दिसतो. पहारेकरी समोरच उभे होते आणि त्यांनाही हलायचं नव्हतं. तो बसल्या बसल्या मनाने सर्व्हरपाशी गेला. वीज आहे का? कंदिलाशेजारचा पंखा फिरतोय, म्हणजे आहे. परवान्याची मुदत संपली? पुढच्या वर्षी संपते. ते मोठं घर रविवारी बंद असतं का? हा विचार मनात आला आणि त्याला आपलीच लाज वाटली. त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, की चारशे बारा शंख कुठेतरी पाण्यावर रांगेने थांबलेत, पुढे जाऊ का नको असे. पाच मिनिटं होतात आणि एकेक करून विझतात. ऑकलंडला लोक बसलेत. ब्रिस्बेनला बसलेत. वाररेषेपलीकडच्या पागो पागोत तर अजून शनिवार, ते शनिवारपासून बसलेत.

शेवटी त्याने पाप केलं. मांडीआड फोन धरून सर्व्हरची नोंद उघडली. पहिला: चारशे बारा गेले. दुसरा: चारशे बारा गेले. तिसरा: काही नाही. बिघाड नाही, अडथळा नाही. सर्व्हर ठणठणीत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आउकुसोने बाबांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा बटणापासून लांब, चटईवर होता. ते धाकट्या नातीच्या तोंडाकडे बघत होते आणि ती म्हणेल तसे अर्ध्या अक्षराने मागून ओठ हलवत होते.

उठायचं नव्हतं, म्हणून तो बसल्या बसल्या सरकत निघाला. सहा वर्षांच्या नातीने त्याच्याकडे पाहून तोंडावर हात घेतला. तो सरकत सरकत सासऱ्यांच्या गुडघ्यापाशी पोचला.

"बाबा," तो कुजबुजला. "तिसरा राहिलाय."

"ठाऊक आहे."

"गाव अडकलंय, बाबा."

"गाव रोजच अडकतं. आज मीही अडकलो, एवढंच." बाबांनी नजर काढली नाही. "एकेचाळीस वर्षं मी तिकडे दगडावर, आउकुसो. दुसरा फुंकायचा आणि तिसऱ्यासाठी उभं राहायचं. आत काय म्हणता ते मला नुसतं सुरावरून माहीत. शब्द तिथपर्यंत येत नाहीत रे, आणि घरी बसलो तरी लक्ष समुद्राकडेच. मला वाटायचं या गाण्यात होडी आहे. होडी नाहीच आहे त्यात."



"तुझी सासू इथेच बसायची ना?" बाबांनी विचारलं. "या खांबाशी?"

"हो. इथेच."

"अजून एक कडवं होऊ दे," बाबा म्हणाले.

मग अजून तीन गाणी झाली. आकाश जांभळं झालं, खडकांपलीकडे एक तारा निघाला. गावातल्या कुठल्याच चुलीवर वाचवण्यासारखं काही राहिलं नाही, त्यामुळे घाई संपली आणि सूर मोकळे झाले. आउकुसो तिथेच, गुडघ्यापाशी बसून राहिला. असं गाणं त्याने लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. शेवटी बाबांनी फोन उचलला, नातीचा इवलासा अंगठा धरला आणि बटणावर ठेवला. शंख वाजला. कुत्रा भुंकला. गाव उठताना सगळ्यांचे गुडघे वाजले.

सोमवारच्या सभेत उलुआओ आठवड्यात पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले. सभा गच्च भरली होती. फालानिकाबाईंच्या नवऱ्याने हातोडी सोबत आणली होती आणि ती मांडीवर ठेवली होती. बाबा आपल्या खांबाशी होते. त्यांनी तोंड उघडायला मान वर केली.

"चूक माणसाची का यंत्राची?" उलुआओंनी विचारलं.

यंत्राची चूक नव्हती, हे आउकुसोला नोंदीसकट सिद्ध करता आलं असतं. आयुष्यात एकदाच त्याने बनवलेली गोष्ट इतकी बिनचूक चालली होती. पण यंत्राची नाही म्हटलं की माणसाची. आणि माणूस कोण, हा पुढचा प्रश्न. बाबांच्या खांद्यावर अजून ती निरोपाची चटई होती.

"माणसाची," आउकुसो बाबांच्या आधी घाईने म्हणाला. "माझी. मला झोप लागली."

सभेतल्या माना वळल्या. सा मध्ये झोपला. तोही घरजावई, सासऱ्याच्या घरात, प्रार्थनेला बसल्या बसल्या. मग मागून कोणीतरी फिस्कन हसलं आणि ते सगळ्या खांबांतून फिरलं. उलुआओंनी एक मोठी डुकरीण आणि शंभर कंद दंड सांगितला. वर, झोपेवर वीस मिनिटांचं भाषण केलं. आउकुसोने त्यात काही मोजलं नाही. त्याचे कान तापले होते. डुकरीण तीच होती, शंख ऐकून धावत आलेली, त्याला ओळखणारी. फालानिकाबाईंचा नवरा हातोडी घेऊन घरी गेला. घरी जाताना बाबा त्याच्या पुढे चालत होते. फाटकापाशी ते थांबले, हात मागे करून त्यांनी जावयाचा हात धरला आणि तो धरूनच आत गेले.

आता निळा सिलिंडर फालानिकाबाईंच्या दारात उभा आहे, त्यात त्यांनी फुलझाड लावलं आहे. शंख रोज वेळेवर होतो. फक्त रविवारी तिसरा उशिरा येतो, कधी दोन गाण्यांनी, कधी चार. कोणी चिडत नाही. रविवारी लोक चुलीवर काही ठेवतच नाहीत. "घरजावई झोपला वाटतं," असं घराघरांतून ऐकू येतं, आणि पुढचं गाणं सुरू होतं. ऑकलंडहून मिकाएलेने कळवलं, की तिथेही हेच म्हणतात.

आउकुसोला ते सगळं ऐकू येतं, कारण तो टक्क जागा असतो. बाबा आत बसलेले असतात, फोन मांडीवर, अंगठा लांब, ओठ हलत असतात. आता त्यांना तिसऱ्या कडव्यापर्यंत पाठ आहे. रस्त्यावरचे पहारेकरी वाकून घरात बघतात. तेव्हा आउकुसो खांबाला डोकं टेकतो, डोळे मिटतो आणि रस्त्यापर्यंत जाईल असं सावकाश, व्यवस्थित घोरायला लागतो.